एडिनबरोला गेलेला छत्तीसगढी चोर

युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सुरू झाली, तेव्हा तिच्यात सात देश उतरले होते. 1966 मध्ये तिथे नियम आला: देशानं आपल्याच भाषेत गायचं. 1973 ते 1976 या काळात हा नियम शिथिल होता आणि त्याच सवलतीत 1974 साली स्वीडनचा आबा हा संच इंग्रजीत गाऊन जिंकला. 1977 ला नियम परतला, 1999 ला कायमचा गेला. देशाच्या वतीनं गायचं तर कोणत्या भाषेत, यावर युरोपात एवढी वर्षं उलटसुलट निर्णय होत राहिले.

भारत त्या स्पर्धेत नाही. पण परदेशी परीक्षकांपुढे आपली माणसं गायलीच नाहीत असं नाही. गोव्याचा रेमो फर्नांडिस 1986 साली पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात भारतातर्फे गेला आणि पारितोषिकं घेऊन आला. त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ती गाण्याच्या स्पर्धेची नाही, नाटकाची आहे; पण त्या नाटकातून गाणी काढली तर फारसं काही उरत नाही. तिची मुळं रायपूरची.

हबीब अहमद खान, म्हणजे पुढचे हबीब तनवीर, 1 सप्टेंबर 1923 रोजी रायपूरला जन्मले. शाळा तिथलीच, लॉरी म्युनिसिपल हायस्कूल. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर. रायपूरचा मुलगा पुढच्या शिक्षणाला नागपूरला यायचा. हबीबही आले आणि मॉरिस कॉलेजातून 1944 ला पदवीधर झाले. मग मुंबई, आकाशवाणी, इप्टा ही नाट्यसंघटना. 1954 ला दिल्लीत ‘आग्रा बाजार’ हे नाटक. 1955 ला लंडनच्या राडा या नाट्यशाळेत प्रवेश, पाठोपाठ युरोपची भटकंती आणि बर्लिनमध्ये पाहिलेले ब्रेख्तच्या नाटकांचे प्रयोग.

1958 मध्ये ते घरी परतले, तेव्हा रायपूरला आपल्याच जुन्या शाळेच्या मैदानावर त्यांनी रात्रभर नाचा पाहिला. आपल्या तमाशाचा हा छत्तीसगढी भाऊ. बाईचं काम पुरुष करतो, त्याला परी म्हणतात. हसवणारा तो जोक्कड. मधल्या प्रहसनाला गम्मत. पूर्वी वादक कमरेला वाद्यं बांधून उभ्यानं वाजवत, त्याला खडे साज म्हणत. राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी कलावंत जमवून या नाचाला मंडळीचं बांधीव रूप दिलं आणि त्यापायी आपली मालगुजारी खर्चून टाकली. ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम हे त्याच परंपरेतले गडी. अशा सहा जणांना हबीब दिल्लीला घेऊन गेले आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ उभं केलं. 1959 ला मोनिका मिश्र यांच्यासह नया थिएटर स्थापन झालं.

यापुढची दहा-बारा वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण ती फसण्याची आहेत. मैदानावर हजारोंना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडायचे. हबीब स्वतःच पुढे मोकळेपणानं सांगत, की दोन गोष्टी आपल्या उशिरा ध्यानात आल्या. एक, ही माणसं हिंदी बोलत होती आणि हिंदी त्यांची बोली नव्हती. दोन, उजवीकडे तीन पावलं चाल, मग वळ, असा लंडनमध्ये शिकलेला हिशेब त्यांच्यावर लादला जात होता. नाचाचा नट प्रेक्षक जिकडे दाद देईल तिकडे सरकतो. त्याला उजवं-डावं कसलं? 1973 ला रायपूरच्या शिबिरात हबीबांनी हा हट्ट सोडला. तीन जुन्या गम्मती एकत्र ओवून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ तयार झालं, ते छत्तीसगढीत.

त्यानंतर ‘चरणदास चोर’. कथा राजस्थानच्या विजयदान देथा यांची. चोर गंमतीगंमतीत गुरूपुढे शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. त्यावर गुरू सांगतो, खोटंही बोलू नकोस. पुढे नेमकं हे सगळं त्याच्यासमोर चालून येतं आणि शब्द पाळताना त्याचा जीव जातो. सत्यालाच देव मानणाऱ्या सतनामी समाजाचं पंथी नृत्यगान हबीबांनी या कथेत आणलं आणि नाटकाला आवाज मिळाला. भिलाईला शिबिरानंतर नाटकाचं पहिलं रूप उघड्या मैदानावर सतनाम्यांच्याच मेळ्यापुढे सादर झालं. स्वर्णकुमार साहूंसारख्या छत्तीसगढी कवींनी गाणी रचली. ही गाणी मध्येच येऊन करमणूक करत नाहीत. चोर जे बोलू शकत नाही ते गाणारे बोलतात. 1975 ला श्याम बेनेगलांनी यावर बालचित्रपट काढला. त्यात राजकन्या झाली होती आपली स्मिता पाटील, आणि भोवती नया थिएटरचे खेड्यातले नट.

1982 ला हे नाटक एडिनबरोला गेलं. तिथला फ्रिंज महोत्सव 1947 साली मुख्य महोत्सवाचं आमंत्रण नसलेल्या आठ संस्थांनी सुरू केलेला. तेव्हापासून ज्याला यायचं त्यानं यावं अशी रीत. त्या गर्दीतून नव्या कामाला ‘द स्कॉट्समन’ हे वृत्तपत्र 1973 पासून फ्रिंज फर्स्ट पुरस्कार देतं. तो ‘चरणदास चोर’ला मिळाला. ज्यांच्यातल्या काहींनी शाळेची पायरीही पाहिली नव्हती असे कलावंत, समोर छत्तीसगढीचा शब्दही न कळणारे प्रेक्षक, आणि पाट्यांवर नाव भारताचं. माझं म्हणणं असं, की हे यश भाषा बाजूला ठेवून मिळालेलं नाही, भाषा धरून ठेवल्यामुळे मिळालं. हिंदीत हेच नट दिल्लीलाही पटत नव्हते. 2016 ला युक्रेनची जमाला युरोव्हिजन जिंकली, तेव्हा तिच्या गाण्यात क्रिमियन तातार भाषेतल्या ओळी होत्या. देशाच्या वतीनं त्यातल्या एका लहान समाजाचा सूर गेला आणि तोच सर्वांपर्यंत पोचला. रायपूरच्या मंडळींनी ते चौतीस वर्षं आधी केलं होतं.

घरी काय झालं ते लिहिताना मात्र वाईट वाटतं. चरणदास अनेक वर्षं गाजवणारे गोविंदराम निर्मलकर यांना 2009 ला पद्मश्री मिळाली. शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढाताणीत काढून 2014 ला ते गेले. हबीब 8 जून 2009 ला भोपाळला वारले. त्याच वर्षी ‘चरणदास चोर’च्या पुस्तकातल्या मजकुराला सतनामी समाजातून हरकत आली आणि छत्तीसगढ सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. हरकत ऐकून घ्यायलाच हवी होती. पंथी हे त्या समाजाचं भजन आहे, कुणाच्याही नाटकाची मालमत्ता नव्हे. पण जे नाटक आधी त्यांच्याच अंगणात उभं राहिलं, त्याबद्दल समोरासमोर बसून बोलणं अवघड नव्हतं. बंदी घालून तो संवादच संपवला गेला.

छत्तीसगढी 2007 पासून राज्याची राजभाषा आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही. मागणी दिल्लीत पडून आहे.