लाटेच्या माथ्यावरचं पाऊल

कवरत्ती येतं तेव्हा आधी नुसती माडांची रेघ दिसते. जमीन पाण्याच्या फारशी वर येतच नाही. कोचीहून सुमारे ४०० किलोमीटर कापून आलेलं जहाज त्या रेघेपासून बरंच अलीकडे थांबतं. हवा आणि लाटा जुळल्या तर लक्षद्वीपच्या काही बेटांवर ते धक्क्याला लागतंही. पण त्या सकाळी तसं जमण्यासारखं नव्हतं. तिथून पुढे आम्ही सगळे होडीवाल्यांच्या हवाली.

जहाजाच्या कुशीतलं पाण्यालगतचं दार उघडलं. काठाला टायर बांधलेली होडी येऊन भिडली. सारंग इंजिन हलकं पुढे ठेवून तिला जहाजाला दाबून धरत होता. दार जवळजवळ स्थिर, होडी मात्र सारखी वरखाली. अंतर फक्त एका पावलाचं. पण ते पाऊल कधी पडायचं हे उतारू ठरवत नाही, खलाशी ठरवतो.

दोघे दारात, दोघे होडीत. दारातले दोघे माणसाचा दंड धरतात आणि नजर होडीच्या काठावर ठेवतात. होडी उंबऱ्यापर्यंत चढते, लाटेच्या माथ्यावर निमिषभर थबकते, आणि तेवढ्यात पाठीवर हात पडतो. काय झालं हे कळायच्या आत खालच्यांनी धरलेलं असतं. होडी वर येत असताना पाऊल टाकलं तर गुडघ्याला हादरा बसतो, उतरत असताना टाकलं तर पायाखाली काहीच नसतं. म्हणून वाट पाहायची ती माथ्याची. मोठ्या लाटांची रांग आली की ते दंड धरून नुसते उभे राहतात. एक जाऊ देतात, दुसरी जाऊ देतात. मागे रांगेत कुरकुर सुरू होते. मला मात्र त्यांच्या त्या थांबण्याचाच सर्वांत जास्त भरवसा वाटला. माझ्या पुढच्या आजींना त्यांनी अक्षरशः उचलून खाली दिलं, नऊवारीचा काठही न भिजता. कोकणबोटीच्या काळात धक्का नसलेल्या बंदरांवर उतारू असेच पडावात उतरत.

ही सारी खटपट बेटाच्या घडणीमुळे आहे. समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर प्रवाळ वाढत गेलं, त्याची ही बेटं. प्रवाळाची कड संपली की तळ झपाट्याने खाली जातो. नांगराला तळ हवा असेल तर जहाजाला कडेच्या धोकादायक वाटावं इतकं जवळ जावं लागेल. पण याच उतारावर कवरत्तीची तहानही भागते. किनाऱ्यापासून फार लांब न जाता सुमारे ३५० मीटर खोलीवरचं थंड पाणी नळाने वर आणता येतं. पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि ती या थंड पाण्याने निववून गोडं पाणी मिळवायचं. २००५ साली इथे असं संयंत्र सुरू झालं. क्षमता दिवसाला १ लाख लिटर. जहाजाला दूर ठेवणारी खोली घरोघरच्या हंड्यात उतरते, हे मला निळ्या पाण्याच्या कुठल्याही छायाचित्राहून मोठं वाटतं.

कडेतल्या अरुंद वाटेने होडी आत शिरताना सारंग उभा राहिला. गडद निळं पाणी हिरवं झालं, मग फिकट. मधेच दिसणारे काळपट डाग म्हणजे पाण्याखालचं प्रवाळ. ते चुकवत तो सुकाणू वळवत राहिला. पुढचा दिवस सहलीसारखा गेला: पोहणं, काचतळाची होडी, दुपारी भात आणि ट्यूनाचं कालवण.

संध्याकाळी परतताना काम अवघड झालं. आता हलत्या होडीतून दारात चढायचं होतं आणि वाराही वाढला होता. आमच्या होडीत कोचीला निघालेली बेटावरची माणसं होती: बोचकी, नारळ, तान्ही मुलं आणि मुलाच्या आधाराने बसलेले एक आजारी गृहस्थ. पर्यटकांना बसूनच राहायला सांगितलं. त्या गृहस्थांना काठाशी आणलं, दारात दोघांऐवजी चौघे उभे राहिले. तीन लाटा सोडल्या. चौथीला ते वर गेले, पाठोपाठ मुलगा, मग बोचकी. सारंगाने होडी पुन्हा नीट दाबून धरली आणि आम्हाला एकेक करून पुढे बोलावलं.