मोतीबिंदू : शस्त्रक्रियेपूर्वीची दक्षता

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा निर्विघ्न पार पडते. तथापि धोका सर्व रुग्णांना सारखा नसतो. अतिपक्व मोतीबिंदू, अनियंत्रित मधुमेह, पुरेशी न विस्फारणारी बाहुली किंवा अश्रुपिशवीतील पू यांमुळे गुंतागुंत संभवते. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवरील टॅमसुलोसिन या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा शिथिल पडू शकतो, हे २००५ मध्ये निदर्शनास आले. औषध थांबविल्यावरही हा परिणाम टिकू शकतो. धोका आधी कळल्यास संसर्गावर प्रथम उपचार करता येतात व अवघड शस्त्रक्रिया अनुभवी शल्यचिकित्सकाकडे सोपविता येते. म्हणून तपासणी शिबिरास जाणाऱ्या वृद्धांनी औषधांच्या चालू व जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. पंचायत सदस्य व शिक्षकांनी हे घरोघरी समजावून सांगणे अगत्याचे आहे.