रोज एक वस्तू, पेनाने

“मला कुठं चित्र येतंय?” असं म्हणू नका, ताई. आपल्या ठाणे-पालघर भागात वारली लग्नाचा चौक सवाशिणीच काढत आल्या. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, खोडरबर नाहीच. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे लग्नकार्य नसतानाही चित्रं काढत राहिले, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

पोराची जुनी वही आणि पेन घ्या. भात शिजेपर्यंत एकच वस्तू काढा: सूप, विळी नाहीतर तांब्या. आधी नीट बघा. मग बाहेरची रेघ, मग बारकावे. रेघ चुकली तर गिरवू नका, शेजारी दुसरी ओढा. खाली तारीख घाला. महिन्याने वही चाळलीत, की हात किती बसला ते दिसेल. मग गटाच्या पापडाच्या पिशवीवर, वज्रेश्वरीच्या यात्रेतल्या स्टॉलच्या पाटीवर आपल्याच हातचं चित्र लावू.