शांताबाईंची धोकटी

नवरा गेला, की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, ही आपल्याकडची रीत. शांताबाई यादव यांच्या हातात मात्र त्यानंतर आला तो वस्तरा! हो, बरोबर वाचलंत. दाढी-कटिंगचा वस्तरा. आणि तोही आजकालच्या ब्युटी पार्लरच्या जमान्यात नाही, तर १९८४ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात, हासूरसासगिरीसारख्या आडगावात.

शांताबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. माहेरी नाभिकाचा व्यवसाय, सासरीही तोच. नवरा श्रीपती थोडी शेती करायचा आणि जोडीला लोकांच्या दाढ्या-हजामती. भावाभावांत जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि वाट्याला आलेल्या तुकड्यावर घर चालेना. तेव्हा हासूरसासगिरीचे सभापती हरिभाऊ कडूकर यांनी त्यांना आपल्या गावी बोलावून घेतलं. या गावात नाभिक नव्हता. गावाची सोय झाली, यादवांच्या चुलीचीही सोय झाली.

पण सुख फार टिकलं नाही. १९८४ मध्ये श्रीपती हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. पदरात चार लेकी. थोरली आठ वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी. शांताबाई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊ लागल्या. दिवसभर राबून पाच तोंडांना पुरेल एवढंही हाती पडेना. जमिनीपोटी आलेला सरकारी पैसा नवऱ्याचं कर्ज फेडण्यातच गेला. लेकींना घेऊन जीव द्यावा, असंही एकदा मनात आलं. अशा वेळी हरिभाऊंनीच विचारलं, नवऱ्याचा धंदा तूच का करत नाहीस?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं वजन जरा समजून घ्या. धंदा घरचा होता, धोकटी घरातच होती. वस्तरा, कात्री, आरसा, तुरटी, सगळं रोजच्या बघण्यातलं. पण या धंद्यात परक्या पुरुषाच्या समोर बसावं लागतं. त्याची हनुवटी धरून मान वळवावी लागते, गाल बोटांनी ताणून धरावा लागतो. जिथं विधवेनं मान वर करून चालू नये अशी अपेक्षा, तिथं ती गावातल्या बाप्यांच्या दाढ्या करणार? कल्पनाच लोकांना सहन होणारी नव्हती. टिंगल झाली, नावं ठेवली गेली.

शांताबाईंकडे दुसरा मार्ग नव्हता. आणि खरं सांगायचं तर गावाकडेही नव्हता. श्रीपती गेल्यावर गाव पुन्हा नाभिकाविना उरलं होतं. दाढी तर वाढतच होती! पण गरज असली तरी पहिल्यांदा जाऊन बसणार कोण? बसले ते हरिभाऊच. ज्यांनी सल्ला दिला, त्यांनीच आपला गाल पुढे केला. गावचा मोठा माणूस बसला म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड हळूहळू चेपली.

मग सुरू झाली पायपीट. धोकटी घ्यायची आणि नरेवाडी, हिडदुगी अशा ज्या गावांत नाभिक नव्हता, तिथं जायचं. लेकींचं काय? त्यांना शेजारणींनी सांभाळलं. सुरुवातीला दाढी-कटिंगचा दर होता एक रुपया. काही दिवसांनी त्यात म्हशींचीही भर पडली. कोल्हापूरकडच्या बायकांना सांगायला नको, उन्हाळ्यात म्हशी भादराव्या लागतात. अंगावरचे केस काढले की जनावराला गारवा मिळतो, उवा-गोचिडांचा त्रास कमी होतो. पण हे काम सोपं नाही. माणूस सांगितलं की मान स्थिर ठेवतो, म्हैस थोडीच ठेवणार! एका जनावराचे पाच रुपये मिळत.

या रुपया-पाच रुपयांतून शांताबाईंनी चार लेकी वाढवल्या. १९८५ मध्ये सरकारी घरकुल योजनेतून डोक्यावर छप्पर आलं. चारही मुलींची लग्नं त्यांनी कुणापुढं हात न पसरता लावून दिली. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली, देशातली पहिली महिला नाभिक अशी ओळख झाली, सत्कार झाले. सत्तरीत आल्यावरही त्यांच्या हातातला वस्तरा सुटला नव्हता.

वस्तरा आणि विधवा यांचं नातं आपल्या महाराष्ट्रात फार जुनं आणि फार वाईट आहे. काही जातींमध्ये नवरा मेला की बाईचं केशवपन करत. त्याविरुद्ध उभे राहिले त्यांत नाभिकही होते. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं त्यांनी ठरवलं, की यापुढे कुठल्याही विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत त्याच समाजातल्या एका विधवेनं तो वस्तरा स्वतःच्या पोटापाण्यासाठी हातात घेतला. आणि मे २०२२ मध्ये याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शांताबाईंनी अडतीस वर्षं आधी, ठरावाची वाट न पाहता, आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता!

शांताबाईंची गोष्ट सांगताना आपण त्यांच्या जिद्दीला सलाम करतो. करायलाच हवा. पण नुसत्या जिद्दीवर त्यांचा संसार उभा राहिला असता का? पहिलं गिऱ्हाईक आलंच नसतं, तर धार लावलेला वस्तरा धोकटीतच राहिला असता. शेजारणींनी तान्ही पोर मांडीवर घेतली नसती, तर गावोगाव फिरणं जमलं नसतं. चाकोरी मोडणारी बाई एकटी दिसते, पण तिच्या मागं अशी चार माणसं असावी लागतात.

आपल्या गावातही अशी कुणी असेल. रिक्षा चालवणारी, पंक्चर काढणारी, नवऱ्यामागं त्याचं दुकान उघडून बसलेली. आपण तिचं कौतुक करतो, मुलींना तिचं उदाहरण देतो आणि टायर पंक्चर झाला की गाडी ढकलत पलीकडच्या दुकानात नेतो. का? तर तिला जमेल की नाही, कोण जाणे! हरिभाऊंनाही ते ठाऊक नव्हतं. वस्तरा तर त्यांच्या गळ्याजवळ होता. तरी ते बसले. आपल्याला तर फक्त टायर दाखवायचा आहे.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी निदान शेजारणीचं मूल दुपारभर सांभाळावं. हासूरसासगिरीतल्या बायकांनी तेवढंच केलं होतं.