चरबी धरण्याआधीचा अडसर

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशच्या परिसरात मे महिन्यात बैलाच्या फासळ्या मोजता येतात. पावसाळ्यात हिरवा चारा मिळाला की अंग भरतं. यात चरबीच्या पेशी मुख्यतः आकसतात आणि फुगतात. नवी पेशी घडणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे सूक्ष्म-आरएनएचा हात असतो.

एकाच मूळपेशीतून हाड, स्नायू किंवा चरबी होऊ शकते. पीपीएआर-गॅमा हे प्रथिन पुरेसं तयार झालं की पेशी चरबीकडे वळते. ते बनवण्याची कृती जनुकाकडून संदेशवाहक आरएनए आणतो. सुमारे 22 घटकांचा इवलासा सूक्ष्म-आरएनए त्या संदेशाला चिकटतो. मग प्रथिन बनणं मंदावतं किंवा संदेशच नष्ट होतो. एमआयआर-27 आणि एमआयआर-130 हे सूक्ष्म-आरएनए असे अडसर घालतात. उलट एमआयआर-143 चरबीच्या पेशी पक्व व्हायला मदत करतो. एकाच सूक्ष्म-आरएनएची अनेक जनुकांवर नजर असते, त्यामुळे ‘चरबीचं बटण’ सापडल्याच्या बातम्या जरा जपूनच वाचाव्यात.

या रेणूंचा शोध 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत लागला. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी 2024 चं नोबेल मिळालं.

गुरांमधल्या सूक्ष्म-आरएनएच्या संशोधनामागे बरंचसं कारण मांसातली चरबी, जपानी वाग्यू गुरांच्या मांसात असते तशी. पण महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे खरा प्रश्न व्यालेल्या गायीचा: दूध वाढतं, चारा पुरत नाही, आणि चरबी फार वेगाने वितळली तर किटोसिस हा आजार होतो.