ड्युटी सुटल्यानंतरचा वेळ कोणाचा? – कामगारांचे कामाबाहेरचे हक्क



आपल्या कर्जत-खालापूर भागात सकाळचं चित्र ठरलेलं असतं. पहाटेच्या लोकलने मुंबई-ठाण्याकडे निघालेली माणसं, खोपोली आणि पाताळगंगाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बस, फार्महाऊसवर राहणारं माळ्याचं कुटुंब आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले आपले कातकरी बांधव. या सगळ्यांची मुलं आपल्याच शाळेत शिकतात. त्यामुळे पालकांशी बोलताना एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानावर येतो, "सर, काम सुटल्यावर मी काय करतो याच्याशी मालकाला काय करायचंय? त्यावरून तो मला काढू शकतो का?"

युनियनच्या बैठकीला गेलो, ग्रामसभेत प्रदूषणाबद्दल बोललो, निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचं काम केलं, मोबाईलवर स्टेटस ठेवलं. यातलं काहीही बेकायदेशीर नाही. तरी भीती वाटते, कारण घर त्या पगारावर चालतं. म्हणूनच आजच्या लेखात बघूया, कायदा नेमकं काय म्हणतो.

१) असा एकच कायदा आहे का?

नाही. अमेरिकेत काही राज्यांनी यासाठी थेट कायदे केले आहेत. कोलोरॅडो राज्यात १९९० पासून असं कलम आहे की कामगाराने कामाच्या वेळेबाहेर, कामाच्या जागेबाहेर केलेल्या कायदेशीर गोष्टीसाठी त्याला काढता येत नाही. त्याला काही अपवादही आहेत. न्यूयॉर्कमध्येही राजकीय काम, छंद-करमणूक अशा गोष्टींना कायद्याने संरक्षण दिलं आहे.

आपल्याकडे असं एका नावाचं छत्र नाही. पण म्हणून संरक्षणच नाही असं समजू नका. ते वेगवेगळ्या कायद्यांत आणि न्यायालयाच्या निकालांत विखुरलेलं आहे. गोधडीसारखं, तुकडे जोडले की अंगावर घेता येतं.

आता कोणी म्हणेल, संविधानाच्या कलम १९ ने भाषणाचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य दिलंच आहे की! बरोबर आहे. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतात. खासगी कंपनीतल्या कामगाराचा रोजचा आधार म्हणजे कामगार कायदे.

२) गैरवर्तन म्हणजे काय, हे मालकाच्या मनावर नाही

मोठ्या कारखान्यात 'स्थायी आदेश' असतात. म्हणजे काय, तर कामाच्या अटींची लेखी नियमावली. कोणत्या वागण्याला गैरवर्तन म्हणायचं याची यादी त्यात असते. याचा मूळ कायदा १९४६ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि या संहितेप्रमाणे ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेश आवश्यक आहेत.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला निकाल १९८३ चा, ग्लॅक्सो लॅबोरेटरीज कंपनीचा. उत्तर प्रदेशातल्या या प्रकरणात संपावरच्या कामगारांनी कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्यांना धमकावलं, असा आरोप होता. घटना कारखान्याच्या बाहेरची होती. स्थायी आदेशात शब्द होते, आस्थापनेच्या आवारात किंवा त्याच्या लगतच्या परिसरात केलेलं गैरवर्तन. न्यायालयाने या शब्दांचा अर्थ ताणायला नकार दिला. घटनेचा वेळेशी आणि जागेशी कारखान्याचा जवळचा संबंध असला पाहिजे, नाहीतर मालकाचा हात कामगाराच्या साऱ्या आयुष्यावर पोचेल, असा त्याचा आशय.

दुसरा निकाल त्याआधीचा, १९७५ चा, मूलचंदानी इलेक्ट्रिकल कंपनीचा. हा आपल्याला जवळचा वाटेल, कारण घटना लोकलगाडीतली आहे! काम संपवून घरी जाताना गाडीत वरिष्ठ सहकाऱ्याला मारहाण केल्याचा आरोप होता. इथे न्यायालयाने सांगितलं की कृत्य आवाराबाहेर घडलं, तरी त्याचा परिणाम आतल्या शिस्तीवर होत असेल तर ते गैरवर्तन ठरू शकतं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मधली रेघ दिसते. जागा बाहेरची आहे एवढ्याने सूट मिळत नाही आणि मालकाला आवडलं नाही एवढ्याने गुन्हा होत नाही. त्या वागण्याचा कामाशी खरा संबंध आहे का, हे बघावं लागतं. साहेबाशी कामावरून भांडण, मग त्यावरून गाडीत मारामारी, इथे संबंध आहे. रविवारी गावच्या भजनाला किंवा मोर्चाला गेलो, तिथे संबंध दाखवणं मालकाला जड जाईल.

३) युनियनचं काम

सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आणि सगळ्यात स्पष्ट संरक्षणही इथेच आहे. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा (बोलताना सगळे 'एमआरटीयू पल्प' म्हणतात) 'अनुचित कामगार प्रथा' सांगतो. त्यातल्या काही अशा :

- युनियनमध्ये जाशील तर काढून टाकीन, अशी धमकी देणं.
- कामगारांच्या संघटित होण्याच्या हक्कात अडथळा आणणं.
- सूड म्हणून किंवा उघड खोट्या कारणाने कामावरून काढणं.

यातली तक्रार घटनेपासून ९० दिवसांच्या आत करायची असते. कामावरून काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात आणि बाकीच्या तक्रारी औद्योगिक न्यायालयात जातात. "बघू, साहेब परत बोलावतील" म्हणत तीन महिने घरी बसलेला माणूस पुढे अडचणीत येतो. म्हणून ही ९० दिवसांची गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. केंद्राच्या नव्या संहितेतही अनुचित कामगार प्रथांची यादी आणि मनाई आहे.

४) मतदानाचा दिवस

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १३५ ब. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या कामगाराला सुट्टी द्यावी लागते आणि तिचा पगार कापता येत नाही. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. ज्या कामगाराच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, तेवढा अपवाद आहे. मोडणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. रक्कम छोटी आहे, पण हक्क मोठा आहे.

५) सरकारी नोकर आणि आम्ही शिक्षक

इथे गोष्ट थोडी उलटी आहे. खासगी कामगारापेक्षा आमच्यावर कामाबाहेरची बंधनं जास्त! महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं काम करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, शाळा सुटल्यावरसुद्धा नाही.

पण सरकारी नोकर झालो म्हणजे नागरिकत्व खुंटीला टांगलं असंही नाही. १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम त्या मर्यादेत रद्द केला. शांततेने म्हणणं मांडण्याचा हक्क शाबूत राहिला. संपाचा हक्क मात्र त्यात मूलभूत मानला नाही.

६) ज्यांची ड्युटी सुटतच नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कामाबाहेरचा हक्क सांगायला आधी 'कामाबाहेर' असं काही असावं लागतं ना? भट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाला, उचल फिटेपर्यंत बाजारालाही जाऊ दिलं नाही, लग्नाला गावी सोडलं नाही, दुसरीकडे काम करू दिलं नाही तर?

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नेमकं हेच पकडतो. कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा कुठेही मोकळेपणाने जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी ठरते. ती ठरली की त्या उचलीची परतफेड करण्याची जबाबदारीच संपते. वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात करता येते. आपल्या वर्गातलं एखादं मूल दिवाळीनंतर गायब होतं, तेव्हा हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या रकान्यामागे ही गोष्ट असू शकते, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवं.

७) कशाला संरक्षण नाही?

हक्क सांगताना ही बाजूही सांगायलाच हवी.

- गुन्हा, मारहाण, चोरी, कंपनीची गुपितं फोडणं.
- कंपनीच्या बसमध्ये सहकारी महिलेचा छळ. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात मालकाने दिलेलं वाहनही 'कामाचं ठिकाण' मानलं जातं.
- एका कारखान्यात पाळी करून त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ६० ने याला मनाई केली होती. थकलेला माणूस यंत्रावर उभा राहू नये, हा त्यामागचा हेतू.

आणि रात्री अकराला येणारा साहेबांचा फोन? फ्रान्समध्ये २०१७ पासून कामानंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

८) मग प्रत्यक्षात काय करायचं?

१. नेमणूकपत्र, गेटपास, पगाराची पावती, पीएफचा कागद सांभाळून ठेवा. ठेकेदाराकडे असाल तर जास्तच. "उद्यापासून येऊ नको" असं तोंडी सांगितलं, तर तुम्ही तिथे कामाला होतात हे याच कागदांवरून दाखवता येतं.
२. आरोप असेल तर लेखी आरोपपत्र मागा. स्थायी आदेशातलं कोणतं कलम लागतं ते विचारा.
३. कोऱ्या कागदावर सही करू नका. राजीनामा रागात किंवा दबावात लिहू नका.
४. तारीख लिहून ठेवा, ९० दिवस मोजा.
५. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, वेठबिगारीचे बळी आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे चौकशी करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

मित्रांनो, कायदा आहे म्हणून भीती लगेच जाते असं मी म्हणणार नाही. खटला चालतो तोवर घरची चूल कशी पेटणार, हा प्रश्न उरतोच. पण मालक आठ तासांचं काम विकत घेतो, माणूस नव्हे, एवढं जरी ठामपणे माहीत असलं तरी बोलताना आवाज वेगळा लागतो.

वर्गात चर्चेसाठी (इयत्ता ५ वी ते ८ वी)

१. स्थायी आदेश म्हणजे काय?
२. लोकलगाडीतलं भांडण गैरवर्तन कधी ठरेल, कधी नाही? दोन-दोन उदाहरणं सांगा.
३. घरातल्या कमावत्या व्यक्तीला विचारा : मतदानाच्या दिवशी तुम्हाला भरपगारी सुट्टी मिळाली होती का? उत्तर वहीत लिहा.

लेख उपयोगी वाटला तर पालकांच्या ग्रुपवर नक्की पाठवा.