कूपेचा तोरा की पंचचा पैसा? गाडी घेण्याआधी हा हिशोब करा

पुण्यात फरसाण आणि मसाले दुकानांना पुरवणाऱ्या एका मित्राचा परवा फोन आला. "सर, कर्व्ह पेट्रोल घेऊ की पंच ईव्ही?" मी विचारलं, "महिन्याला गाडी किती फिरते?" तो गप्प. रंग ठरला होता, किलोमीटर माहीत नव्हते!

तुमचंही असंच आहे का? मग वाचा.

टाटाच्याच या दोन गाड्या, दोन्ही २०२४ च्या. पंच ईव्ही जानेवारीत १०.९९ लाखांपासून आली, पेट्रोल कर्व्ह सप्टेंबरमध्ये ९.९९ लाखांपासून. म्हणजे सुरुवातीच्या किमतीत फार फरक नाही. खरा फरक पुढे, दर महिन्याला पडतो.

मित्राने वह्या काढून बघितलं, तर फिरणं महिन्याला साधारण १५०० किमी निघालं. गर्दीत पेट्रोल गाडी लिटरला १२ किमी देते असं धरू, पेट्रोल १०५ रुपये. झाले १३ हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला युनिटमागे ६ किमी धरा, घरची वीज १२ रुपयांनी. फक्त ३ हजार! म्हणजे महिन्याला १० हजार वाचले. दहा लाखांच्या कर्जाचा साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २१ हजार बसतो, त्यातला जवळपास निम्मा इथेच सुटतो. दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतात आणि बँक पाच तारखेलाच कापते, हे ज्याला झेपवायचंय त्याला या १० हजारांची किंमत कळते.

पण थांबा. रोज फास्ट चार्जरवर जावं लागलं आणि तिथे युनिट २०-२२ रुपयांना पडलं, तर खर्च पाच-साडेपाच हजारांवर जातो, वर तिथला वेळ वेगळाच. आणि गाडी महिन्याला ४०० किमीच फिरत असेल तर बचत अडीच-तीन हजारांची. तेव्हा कर्व्ह आवडली असेल तर खुशाल घ्या, पण तिला धंद्याची गरज म्हणू नका, हौस म्हणा.

डिकी? इथे कर्व्ह पुढे आहे, ५०० लिटर. पंच ईव्हीची ३६६. फक्त कूपेचं छप्पर मागे उतरतं, त्यामुळे उंच खोकी एकावर एक रचली की दार लागेलच असं नाही. शोरूमला जाताना स्वतःचे क्रेट घेऊन जा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

"जीएसटी परत मिळेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांची विक्री हाच तुमचा धंदा नसेल, तर अशा कारवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, दोन्हींवर नाही. घसारा मात्र मिळतो. साध्या कारला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४० टक्के, तोही धंद्यातल्या वापरापुरताच. सीएला विचारूनच आकडा धरा.

आता मित्राचं काय झालं? हिशोबाने पंच ईव्ही जिंकली. पण तो राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेटच नाही! म्हटलं, बुकिंग राहू दे, आधी सोसायटीला अर्ज दे. अर्ज दिलाय, एनओसी यायचीय. तोवर जुन्या व्हॅननेच डिलिव्हरी चालू आहे.